दोन विमानांच्या मधे सोलापूर: दिवसभराच्या गाडीचा हिशेब

जून 2025 मध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. त्यामुळे एका विमानाने उतरायचं, मधल्या वेळात देवदर्शन करायचं आणि दुसऱ्या विमानाने निघायचं, असा बेत आता आखता येतो. रात्रभर जागलेलं कुटुंब होटगी रोडवरच्या विमानतळावर उतरतं तेव्हा त्याचा सगळा दिवस ड्रायव्हरसह भाड्याच्या गाडीच्या हातात असतो. सोलापुरातली ही सेवा चांगली आहे, पण ठरवताना चार गोष्टी तोंडाने विचारल्या तरच.

पहिली गोष्ट पॅकेजची. शहरासाठी ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असा दर सांगतात. सिद्धेश्वर मंदिर, शेजारचा भुईकोट किल्ला आणि चादरींची खरेदी एवढंच करायचं असेल तर तो पुरतो. अक्कलकोटला जाऊन यायचं तर ऐंशी किलोमीटर तिथेच संपतात. तुळजापूर एका बाजूने साधारण पंचेचाळीस किलोमीटर आहे, म्हणजे ते आधीच हद्दीबाहेर. बाहेरगावच्या फेरीला बरेच गाडीवाले दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटर धरतात आणि ड्रायव्हर भत्ता, टोल, पार्किंग वेगळं लावतात. मोजणी ‘गॅरेज टू गॅरेज’ होते, म्हणजे गाडी मालकाच्या दारातून निघाल्यापासून परत तिथे पोचेपर्यंत. बसताक्षणी मीटरचा फोटो काढावा आणि ड्युटी स्लिपवर सुरुवातीचे किलोमीटर नि वेळ लिहून घ्यावी. संध्याकाळी डोळे मिटत असताना होणारे वाद बहुतेक या एका आकड्यावरूनच होतात.

नंबरप्लेटही पाहावी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं (विजेच्या गाडीला हिरव्या पाटीवर पिवळी) असतील तरच ती ड्रायव्हरसह भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी दोन-तीनशे रुपयांनी स्वस्त पडली, तरी अपघात झाला की विम्याचं घोंगडं भिजत पडतं.

आता सामान. सेव्हन सीटर म्हटलं की लोक सात माणसं आणि सात बॅगा डोळ्यांसमोर आणतात. अर्टिगाची शेवटची सीट उभी असली की मागे 209 लिटर जागा उरते. त्यात एक मध्यम बॅग आणि फार तर दोन पिशव्या बसतात. सहा जण आणि चार मोठ्या बॅगा असतील तर वर कॅरिअर असलेली गाडी मागावी आणि ताडपत्री आहे का तेही विचारावं. मुलांना शेवटच्या सीटवर बसवू नये. झोप न झालेलं मूल तुळजापूरच्या घाटात हमखास उलटी करतं.

‘तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर एका दिवसात’ अशी फेरी कुणी देऊ केली तर दोन विमानांच्या मधे ती घेऊच नये. नुसता रस्ताच सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात जातो, रांगा वेगळ्याच. एकच ठिकाण निवडावं, आणि जागलेल्या कुटुंबाला आमच्या मते अक्कलकोट बरं. तुळजापूरला महाद्वारातून पायऱ्या उतरत खाली जावं लागतं आणि दर्शन झालं की त्याच चढायच्या. रात्रभर विमानात पाय लोंबकळत बसलेल्या आजीचे घोटे सुजलेले असतात, तिला हे झेपत नाही. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्रात तर वेळेचा अंदाजच बांधता येत नाही. अक्कलकोटला वटवृक्ष मंदिरात चालणं कमी आणि दुपारी अन्नछत्रात महाप्रसाद मिळतो. गुरुवार तेवढा टाळावा.

त्याआधी दोन तासांची खोली घ्यावी. स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमला रेल्वे तिकिटाचाच पीएनआर नंबर लागतो, विमानाचा चालत नाही, तेव्हा लॉजच पाहावा लागतो. लॉजवर ‘चेक-आउट बाराला की चोवीस तासांचा’ हे आधी विचारावं. आंघोळ आणि तासभर पाठ टेकली की पुढचा दिवस निभतो.

सगळ्यात महत्त्वाचा ड्रायव्हर. ‘मालक, निघायचं का?’ असं तो हसून म्हणतो, पण काल रात्री तो पुण्याची ड्युटी करून आला असेल तर गाडीत झोप न झालेला आणखी एक माणूस वाढतो, आणि स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं. बुकिंग करताना ‘आदल्या रात्री ड्युटी केलेला ड्रायव्हर नको’ असं स्पष्ट सांगावं. पोटभर महाप्रसाद झाल्यावर दुपारी दोन ते चार ही डुलकीची वेळ, त्यात सोलापूरचं ऊन. तेव्हा अर्धा तास सावलीत गाडी लावून त्याला झोपू द्यावं. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने मात्र जागं राहावं.

उन्हात बंद गाडीत पॉवर बँक आणि इन्सुलिन ठेवू नये. पॉवर बँक विमानातही केबिन बॅगेतच चालते. शेंगा चटणीचं उलट आहे. कुटलेल्या दाण्यांचं तेल सुटतं आणि कागदी पुडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिंब होतो. पॅकबंद पाकीट दुहेरी पिशवीत घालून चेक-इन बॅगेत टाकावं, केबिन बॅगेतला तिखटाचा पुडा तपासणीत अडकू शकतो. प्रसादाचा नारळ देवळातच फोडून खावा. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेतं, म्हणून विमान कंपन्या ते नाकारतात. चादरी घेतल्या तर दुकानातल्या काट्यावरच तोलून पाहाव्यात, पंधरा किलोची मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही.

दुसरं विमान पुण्याहून असेल तर गणित बदलतं. अडीचशे किलोमीटर आणि सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार टोलनाके. रस्ता चांगला असला तरी हडपसरला वेळ खातो. थेऊर फाट्यावरून केसनंद-वाघोलीमार्गे लोहगावचा विमानतळ गाठता येतो, पण संध्याकाळी वाघोलीतही कोंडी असतेच. देशांतर्गत विमानाच्या वेळेआधी आठ तास सोलापूर सोडावं, आंतरराष्ट्रीय असेल तर नऊ. त्या दिवशी अक्कलकोटही नको, सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन थेट हायवेला लागावं.

गाडी, रस्ते आणि माणसांचा साधेपणा यांना आम्ही पाचपैकी चार गुण देतो. एक गुण जातो तो बिलासाठी. टोल-पार्किंगच्या पावत्या आणि बंद करतानाचे किलोमीटर लिहिलेली स्लिप अजूनही मागितल्याशिवाय हातात पडत नाही.