नाना पेठेतलं हेल्मेटचं दुकान आणि आमच्या घरातली कृती समिती

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते फुलपाखरांपाशी आल्यावर सांगते.

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांच्या ज्या गल्ल्या आहेत, त्यातल्या एकीत हे दुकान आहे. नाव देता येत नाही. पाटीवर इतकी काजळी बसली आहे की शेवटचं ‘ऑटो’ तेवढं वाचता येतं, आणि बिलावरचा शिक्का त्याहून पुसट. खूण सांगते: बाहेर टायर टांगलेत, तीन पायऱ्या चढून आत जावं लागतं आणि गल्ल्यावरच्या काकांच्या गळ्यात शिंप्यासारखी टेप असते. गाडी लावायला जागा नाही. अख्खा बाजार दुचाकीच्या जिवावर चालतो, पण दुचाकी उभी करायची सोय नाही. मी माझी लांब लावून चालत गेले.

मी धायरीला राहते, बँकेतून निवृत्त झाले आहे आणि लुनापासून आजच्या स्कूटरपर्यंत चाळीसेक वर्षं दुचाकी चालवते. हेल्मेटही बरीच वर्षं घालते. त्यामुळे वाटलं होतं, हेल्मेट घ्यायला काय लागतं? रंग बघायचा, थोडी घासाघीस करायची, निघायचं. इतर दुकानांत “कितीपर्यंतचं दाखवू?” असं विचारतात. काकांनी विचारलं, “डोकं केवढं?”

मला माहीत नव्हतं. ब्लाउजचं माप पाठ, चपलेचं पाठ, डोक्याचं कधी कोणी घेतलंच नव्हतं. त्यांनी भुवयांच्या वरून टेप फिरवली. साडेचोपन्न सेंटिमीटर. मग माझं जुनं हेल्मेट उलटं करून आतला आकडा दाखवला: 580, म्हणजे अठ्ठावन्न सेंटिमीटर. “ताई, हे साहेबांचं असणार.” होतंच. यांच्यासाठी घेतलेलं, त्यांनी कधी न घातलेलं, म्हणून वाया जाऊ नये यासाठी मी घालत आलेलं. काकांनी ते माझ्या डोक्यावर ठेवून पट्टा बांधला, मागून कडेला बोटं घातली आणि वर उचललं. पट्टा बांधलेला असूनही हेल्मेट पुढं सरकून नाकावर आलं. “पडलात की हे असं जातं.” इतकी वर्षं मी डोक्यावर टोपलं घालून हिंडत होते.

नवीन मापाचं हेल्मेट घालून त्यांनी मला स्टुलावर बसवलं. दहा मिनिटं काढायचं नाही. गाल दाबले गेले पाहिजेत, पण कपाळावर एका जागी दुखता कामा नये, आणि हे दहा मिनिटांशिवाय कळत नाही. मध्येच चहा आला. तोंड झाकणाऱ्या हेल्मेटात चहा कसा प्यायचा, हे त्यांनाही सुचलं नव्हतं. चहावर साय धरली. दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी कपाळावर वळ उठलाय का ते पाहिलं, मगच बिलाची वही काढली.

आणखी एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून करून घेतली. हेल्मेटच्या मागं आयएसआयची खूण असते, वर आयएस 4151 हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक. ‘बीआयएस केअर’ नावाच्या ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कंपनीचा परवाना, चालू आहे की नाही, ते समोर येतं. माझ्याच फोनवर, माझ्याच बोटानं टाकायला लावला. 1 जून 2021 पासून बिगर आयएसआय हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला चटईवर मांडलेली दिसतातच. काकांचं त्यावरचं मत एवढंच, “ती पोलिसांना दाखवायला असतात.”

आता घरातली समिती.

1 जानेवारी 2019 पासून पुण्यात हेल्मेटची कारवाई जोरात सुरू झाली, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीच्या रॅलीला आमचे हे गेले होते. डोक्याला पुणेरी पगडी, भाच्याच्या लग्नातली. त्या दिवशी मी हेल्मेट घालून बँकेत गेले. रात्री जेवताना भाषण झालं: शहरात वीस-पंचवीसच्या वर वेग जात नाही, मानेला त्रास होतो, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आधी खड्डे बुजवा, सक्ती नको, प्रबोधन करा. जोडीला इंग्लंडचे फ्रेड हिल आले. तिकडं 1973 मध्ये हेल्मेट सक्तीचं झालं, या गृहस्थांनी दंड भरायचं नाकारलं, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले आणि 1984 मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुरुंगात असतानाच वारले. यांनी त्यांचा फोटो छापून कपाटाला चिकटवला होता. मी म्हटलं, आपल्याकडं पावती पाचशेची आहे आणि तुम्हाला रात्री दूध-पोळी लागते, तुरुंगात कोण देणार?

चेष्टा सोडा. खड्ड्यांचं त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. झाडाआड उभं राहून पावत्या फाडण्याला मीही शिस्त म्हणत नाही. पण दुचाकीवाल्यांच्या हक्कांसाठी एवढी माणसं एकत्र येतात, तर मागायचं काय ते चुकलं, असं माझं मत आहे. मोटार वाहन नियमांत 138 क्रमांकाचा नियम आहे. नवी दुचाकी घेताना कंपनीनं आयएसआय हेल्मेट सोबत द्यायचं, असं त्यात लिहिलंय. आमच्या स्कूटरच्या वेळी शोरूमवाल्यानं ते ‘ॲक्सेसरीज’च्या ओळीत टाकून पैसे लावले होते. मी नियम दाखवल्यावर म्हणाला, “मॅडम, हे पहिल्यांदाच कोणी विचारतंय.” 123 क्रमांकाचा नियम मागं बसणाऱ्यासाठी आहे: धरायला दांडा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकला जाईल असा गार्ड. ओढण्या आणि पदर चाकात जाण्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. याच्यासाठी कोणी पगडी घालून निघालेलं मी पाहिलं नाही. केंद्राच्या अहवालात 2022 चा आकडा आहे, हेल्मेट नसलेले 50,029 जण अपघातात दगावले. त्यातले 14,337 मागं बसलेले होते.

आणि मापं! चोपन्नच्या मापात काकांकडं दोनच हेल्मेटं होती. एक गुलाबी, दुसऱ्यावर फुलपाखरं. साधं काळं किंवा पांढरं हवं असेल तर छप्पन्नपासून पुढं. “कंपनी लहान माप म्हणजे कॉलेजच्या मुली धरते,” काका ओशाळून म्हणाले. इथं तारा कापला. दुकानदाराची चूक नाही, पण चिडचिड कुठंतरी काढायला हवी. साठीच्या उंबरठ्यावर मी डोक्यावर सात फुलपाखरं घेऊन सिंहगड रस्त्यानं जाते. नातीला फार आवडतात.

सात महिन्यांच्या वापरानंतर: चौदाशे पन्नास रुपयांचं चीज झालं. मान वळवली की हेल्मेटही वळतं, आधी मान वळायची आणि हेल्मेट जागेवर राहायचं. आतलं कापड निघतं, धुता येतं. एप्रिल-मेमध्ये सिग्नलला उभं राहिलं की डोकं प्रेशर कुकर होतं, त्याला इलाज नाही. पावसात काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा काच बोटभर उघडी ठेवायची. अंबाडा मावत नाही. मी वेणीवर आले. हॉर्न व्यवस्थित ऐकू येतात, मागून मिळणाऱ्या सूचनाही.

मागून, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर यांनी गाडी सोडली आणि ते माझ्या मागं बसू लागले. हॉर्न ऐकू न येण्याचा मुद्दाही मधल्या काळात निकालात निघाला. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या कानानं बरीच वर्षं कमी ऐकू येत असणार. म्हणजे 2019 मध्ये दोष हेल्मेटचा नव्हता. आता श्रवणयंत्र आहे, आणि साधं हेल्मेट घालताना ते कानातून निघून येतं. ही अडचण खरी आहे, समितीच्या सगळ्या मुद्द्यांत सर्वांत खरी, आणि रॅलीत ती कोणी मांडली नव्हती.

नोव्हेंबर 2024 मध्ये मागं बसणाऱ्यांवरही कारवाईचा आदेश निघाला, तेव्हा हे पुन्हा उसळले. मी काही बोलले नाही. सहा महिन्यांनी स्वतःच म्हणाले, चल तुझ्या त्या काकांकडं. काकांनी त्यांचं डोकं मोजलं, मग पुढून हनुवटीसकट वर उचलून उघडणारं हेल्मेट काढलं. उघडं ठेवून सावकाश डोक्यावर घ्यायचं, यंत्र जागेवर आहे ना ते पाहायचं, मग खाली घ्यायचं. चार वेळा सराव करून घेतला. साडेबावीसशे सांगितले, दोन हजारांवर आले. यूपीआय त्या दिवशी चालत नव्हतं, रोख घेऊन जा.

यांची एकच अट होती, काच काळी हवी. काका म्हणाले, रात्री काळ्या काचेतून दिसत नाही, चालवणाऱ्याला मी देतच नाही. “मी कुठं चालवतो? मी मागं बसतो,” असं हे म्हणाल्यावर त्यांचा नाइलाज झाला. उन्हाचा त्रास होत असेल, ऑपरेशन झालंय, असं मला वाटलं.

गेल्या आठवड्यात स्वारगेटच्या सिग्नलला आम्ही उभे होतो. यांनी हेल्मेट उघडून वारा घेतला होता. शेजारी एक जुनी चेतक येऊन थांबली, वर समितीतले यांचे मित्र, डोकं उघडं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, फुलपाखरांकडं पाहिलं. मागं खट् असा आवाज झाला. आरशात पाहिलं तर हनुवटी बंद, काळी काच खाली, आणि आमचे हे समोरच्या बसच्या नंबरकडं टक लावून बसलेले.