सीताबर्डीतील घरपोच वायफाय दुरुस्ती सेवा : अभिप्राय

नागपूरच्या प्रतापनगरमधील आमच्या घरी वायफाय संथ चालत होते, मागच्या खोलीत तर ते वारंवार तुटत असे, आणि इंटरनेट कंपनी दर वेळी राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचाच सल्ला देत असल्याने सीताबर्डीतील एका छोट्या दुकानाचा तंत्रज्ञ बोलावला. त्याने राउटरच्या सेटिंगला हात लावण्याआधी फायबरच्या डब्यातून येणारी केबल थेट लॅपटॉपला लावून वेग मोजला, हे विशेष आवडले; दोष वायफायचा की त्याच्या अलीकडचा, हे त्याशिवाय कळत नाही. योजना 200 एमबीपीएसची (इंटरनेटच्या वेगाचे एकक) असताना वेग 95 च्या आसपासच अडकत होता. केबलच्या कनेक्टरमध्ये आठांपैकी एक तार सुटलेली निघाली. अशा वेळी उरलेल्यांपैकी चार तारांवरच काम चालून जोडणी 100 एमबीपीएसवर उतरते. नवा कनेक्टर बसवताच वेग पूर्ववत झाला.

मागच्या खोलीच्या वाटेत पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर आडवा येत होता, आणि पत्रा व पाणी दोन्ही लहरी अडवतात. (उन्हाळ्यात नागपुरात हे घरोघरी असणार.) राउटर उंचावर हलवून त्याने 2.4 गिगाहर्ट्झ या वायफाय लहरींच्या पट्ट्यातले चॅनेल शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी टाळून 6 वरून 11 वर नेले, तर राउटरजवळचा टीव्ही 5 गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यावर टाकला, कारण तिथे वेग जास्त असला तरी भिंतीपलीकडे पोहोच कमी असते. नवे उपकरण गळ्यात मारले नाही. मात्र तो ठरल्या वेळेपेक्षा बराच उशिरा आला आणि पावतीही मागून घ्यावी लागली.