जुन्या तबकड्यांचा पेनड्राइव्ह मागवला, कसा आहे

गेले पंधरा दिवस रोज रात्री हेच ऐकायलोय. १९०२ पासून १९३५ पर्यंतच्या शास्त्रीय गाण्याच्या तबकड्या, सगळ्या एका पेनड्राइव्हवर, परभणीत घरपोच आलं. गाणी ज्यानं निवडली त्याला सलाम, पण आवाज ज्यानं साफ केला त्यानं लई नुकसान केलंय.

गौहरजानबाईंच्या कलकत्त्यातल्या १९०२ च्या रेकॉर्डिंगपासूनच बघा. गाणं संपलं की त्या "माय नेम इज गौहरजान" म्हणायच्या, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या, तिथल्या लोकांना कोण गायलंय ते कळावं म्हणून. इथं ते वाक्यच कापलंय! अहो ते वाक्य ऐकताना अंगावर काटा येतो, ते कसं काय कापवतं?

जोहराबाई आग्रेवालींचं तर फार वाईट वाटलं. आमच्या आजोबांची एक तबकडी घरात आहे, तेच गाणं ह्यात पण आहे म्हणून दोन्ही लागोपाठ लावून बघितलं. तबकडीवर खरखर आहेच, तेलात मोहरी तडतडावी तशी, पण तिच्या मागून बाईंची तान येते ना, एकेक दाणा मोजून घ्यावा. पेनड्राइव्हवर खरखर गेली आणि दाणे पण गेले, तोंडावर गोधडी घेऊन गायल्यासारखं वाटतं. त्या काळात माइक नव्हता, तो १९२५ नंतर आला, त्याआधी कर्ण्यात तोंड घालून गायचं, बारीक कंगोरे मुळातच कमी उतरायचे आणि जे उतरले ते खरखरीला चिकटूनच असतात, मग खरखर छाटली की ते पण छाटले जातात.

गतीचं पण तेच. तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरवायची हा आकडा नंतर पक्का झाला, आधीच्या तबकड्या कमीजास्त गतीनं रेकॉर्ड केलेल्या असायच्या, ह्यांनी सरसकट ७८ वर फिरवल्यात. दोन-तीन ट्रॅकमधे तबला पळायला लागतो आणि भरदार आवाज पोरीसारखा बारीक होतो.

अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' मात्र सुरेख उतरलीय, माइकच्या जमान्यातली आहे ना. ती भैरवी मी रात्री दिवा मालवून तीनदा ऐकली, एवढीशी तीन मिनिटं, पण आवाज स्वरावर येऊन टेकतो तेव्हा घरात कुणी बोलत नाही.

घ्यायचा असेल तर साफ न केलेल्या फाइल मिळतात का ते आधी विचारा. मी विचारलंय, उत्तर यायचंय.