गिट पॅकेजमधून घ्यावं की सोर्समधून बिल्ड करावं?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम. तो डिस्ट्रोने (उबंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकाराने) दिलेल्या तयार पॅकेजमधून घेता येतो, किंवा सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, स्वतः बिल्ड करता येतो. “सर्व्हरवरचं गिट फार जुनं आहे, सोर्समधून टाकून घेऊ का?” असं कोणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारून घेते. त्या मशीनवर तुला सुडो (अॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायची मुभा) आहे का? आणि सहा महिन्यांनी गिटमध्ये सुरक्षेची गंभीर त्रुटी सापडली, तर नवं व्हर्जन बिल्ड करायला तू तिथे असशील का?

बिल्ड करणं स्वतः काही अवघड नाही. बऱ्यापैकी मशीनवर चहा थंड व्हायच्या आत होऊन जातं. पण पॅकेज घेतलं की पुढची देखभाल डिस्ट्रोवाले करतात, आणि सोर्समधून टाकलं की ती आपल्या अंगावर येते. खालची सगळी तुलना मी याच नजरेने केली आहे.

आधी आकडा नीट वाचा

उबंटू २२.०४ वर गिटचं व्हर्जन २.३४.१ दिसतं, २४.०४ वर २.४३.०, डेबियन १२ वर २.३९ मालिकेतलं. मूळ प्रकल्प दर दोन-तीन महिन्यांनी नवं व्हर्जन काढतो, त्यामुळे हे आकडे बघून पुष्कळ जण घाबरतात. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. एप्रिल २०२२ मध्ये एक महत्त्वाची दुरुस्ती आली: दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या फोल्डरमधली रेपॉझिटरी (गिटने सांभाळलेला प्रकल्प) गिट आता आपणहून मानत नाही, ती ‘सेफ डिरेक्टरी’ म्हणून नोंदवायला सांगतं. मूळ प्रकल्पात ही दुरुस्ती २.३५.२ मध्ये दिसते. उबंटूने तीच आपल्या २.३४.१ मध्ये आणून बसवली. आकडा तोच राहिला, पण आतला कोड दुरुस्त झाला. खात्री करायची असेल तर पॅकेजचा चेंजलॉग उघडा, बुजवलेल्या त्रुटींचे सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या त्रुटींना दिलेले जाहीर क्रमांक) तिथे एकाखाली एक लिहिलेले असतात. “आकडा जुना, म्हणजे धोका” एवढ्यावरून सोर्सकडे धावू नका.

सोयींचंही तसंच. ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ या कमांड ऑगस्ट २०१९ च्या २.२३ मध्ये आल्या, एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या) किल्लीने कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, सही करायची सोय २.३४ मध्ये. म्हणजे उबंटू २२.०४ वापरणाऱ्याला या दोन्ही घरबसल्या मिळतात. मला अमुकच नवी कमांड हवी आहे, असं नाव घेऊन सांगता येत नसेल तर डिस्ट्रोचं पॅकेज पुरेसं आहे. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी तेच वापरते.

सेंटओएस ७ ची गोष्ट मात्र निराळी. तिथे १.८.३.१ मिळतं, म्हणजे २०१३ सालचं गिट. त्यात ‘वर्कट्री’ (एकाच रेपॉझिटरीच्या अनेक शाखा वेगळ्या फोल्डरांत उघडायची सोय) नाही, ती २०१५ च्या २.५ मध्ये आली. गिटहब अॅक्शन्समधल्या (गिटहबवर कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करायच्या सोयीतल्या) चेकआउटच्या, म्हणजे कोड उतरवायच्या, पायरीला २.१८ पेक्षा जुनं गिट दिसलं तर ती क्लोन (रेपॉझिटरीची इतिहासासकट प्रत) करतच नाही, एपीआयवरून नुसत्या फाइली उतरवून ठेवते. मग पुढच्या पायरीत टॅग किंवा इतिहास लागला की सगळं अडतं, आणि लोक भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतात. वर सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. तिथे दुरुस्त्याही येत नाहीत. खरी गरज असते ती अशा मशीनवर.

सुडो असेल तर आधी दुसरा रेपो

उबंटूसाठी गिट मेंटेनरांचा पीपीए (डिस्ट्रोबाहेरचा पॅकेजांचा साठा, म्हणजे रेपो) आहे. दोन कमांड मारल्या की ताजं स्थिर व्हर्जन येतं आणि पुढे नेहमीच्या अपडेटबरोबर आपोआप वर सरकत राहतं. डेबियनवाल्यांना बॅकपोर्ट्स (स्थिर डेबियनसाठी बनवलेली नवी पॅकेजं) आहेत. नवं गिट हवंय आणि सुडो हाताशी आहे, अशा माणसाला मी बहुतेक वेळा हेच सुचवते. नको असेल तेव्हा काढून टाकायलाही सोपं.

अडचणी दोन. काही ऑफिसांत बाहेरचा रेपो जोडायला परवानगी नसते, आणि ती बंदी योग्यच आहे, कारण पीपीए जोडणं म्हणजे त्या माणसांना आपल्या मशीनवर रूट (सर्वाधिकारी) म्हणून काहीही बसवू देणं. दुसरी अडचण अशी की मुदत संपलेल्या उबंटूसाठी तिथे नवी पॅकेजं येत नाहीत. नेमक्या जुन्या मशीनवर हा रस्ता बंद होतो.

मॅकवर होमब्रू आणि विंडोजवर अधिकृत इन्स्टॉलर असताना सोर्सच्या वाटेला जायचं कारण मला तरी सापडलेलं नाही. तिथे अपडेट वेळेवर करा, एवढंच. मे २०२४ मधली सबमॉड्यूलसकट (रेपॉझिटरीच्या आत जोडलेल्या दुसऱ्या रेपॉझिटरीसकट) क्लोन करताना परका कोड चालवणारी त्रुटी याच दोन सिस्टिमवर लागू पडत होती, आणि ती २.४५.१ मध्ये बुजवली गेली.

सोर्समधून बिल्ड करताना काय काय लागतं

टारबॉल (सोर्सच्या सगळ्या फाइलींचा एकत्र गठ्ठा) कर्नल डॉट ऑर्गवर मिळतो. तिथली सहीची फाइल उघडलेल्या टार फाइलची असते, दाबलेल्या एक्सझेड फाइलची नव्हे. त्यामुळे आधी एक्सझेड उलगडायची आणि मग सही तपासायची. नाहीतर चांगला टारबॉलही ‘बॅड सिग्नेचर’ सांगतो. टारबॉलमध्ये कॉन्फिगर स्क्रिप्ट (मशीनवर काय आहे ते तपासून बिल्डची तयारी करणारी) तयार असते. रेपॉझिटरी क्लोन करून घेतली तर ती आपल्याला बनवावी लागते आणि त्यासाठी ऑटोकॉन्फ लागतं. म्हणून बदल करायचे नसतील तर टारबॉलच घ्या.

सी कम्पायलर आणि मेक तर हवेतच. त्याशिवाय झेडलिब हवी आणि कर्लची (इंटरनेटवरून फाइली आणणाऱ्या लायब्ररीची) डेव्हलपमेंट पॅकेजं. ओपनएसएसएल, एक्सपॅट, गेटटेक्स्ट या लायब्रऱ्या वगळता येतात, गिट-केसारख्या खिडक्या नको असतील तर टीसीएल-टीकेही वगळता येतं. कर्ल मात्र वगळू नका. कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवली असेल तर कर्लशिवायही बिल्ड निमूटपणे पूर्ण होतं, व्हर्जन नवं दिसतं, आणि पहिल्याच क्लोनला ‘एचटीटीपीएससाठी रिमोट हेल्पर सापडत नाही’ अशी एरर येते. गिटमधला एचटीटीपीएसचा भाग हा वेगळा प्रोग्राम आहे आणि तो कर्लवर उभा आहे, हे माहीत नसलं की माणूस फायरवॉलवर संशय घेत बसतो.

मॅन पेजेस (कमांडची मदत-पानं) बनवायला अॅस्किडॉक आणि एक्सएमएलटूओ लागतात, आणि त्यांचं लटांबर खूप मोठं. तयार मॅन पेजेसचा वेगळा टारबॉल त्याच जागी असतो. तो उलगडून योग्य फोल्डरमध्ये ठेवला की काम झालं.

कुठे बसवायचं, हा खरा निर्णय

गिटच्या मेकफाइलला (मेकला सूचना देणाऱ्या फाइलीला) काही सांगितलं नाही तर ती तुमच्या होम डिरेक्टरीत बसवते. कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवली तर यूएसआर/लोकलमध्ये. हा फरक मी एकदा चांगलाच अनुभवला आहे. एका जुन्या सर्व्हरवर मेक चालवताना प्रीफिक्स (कुठे बसवायचं तो पत्ता) यूएसआर/लोकल दिला होता, आणि नंतर सुडोने मेक इन्स्टॉल करताना तो द्यायला विसरले. मघाशी पूर्ण झालेलं बिल्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, ‘सीसी’ने सुरू होणाऱ्या ओळी स्क्रीनवरून धावायला लागल्या. प्रीफिक्स बदलला की तो पत्ता ज्यांच्यात कोरलेला असतो त्या फाइली गिट पुन्हा कम्पाइल करतं. शेवटी एकही एरर आली नाही, पण यूएसआर/लोकलमध्ये काहीच नव्हतं. सगळं गिट रूटच्या होम डिरेक्टरीत जाऊन बसलं होतं. तेव्हापासून मी प्रीफिक्स ‘कॉन्फिग डॉट मॅक’ नावाच्या फाइलीत लिहून ठेवते. मेकफाइल ती आपणहून वाचते, मग दोन्ही कमांडला तोच पत्ता मिळतो. इन्स्टॉल करताना ‘सीसी’च्या ओळी दिसल्या तर लगेच थांबवा, हे मी सगळ्यांना सांगते.

पुष्कळ लेखांत प्रीफिक्स नुसता यूएसआर द्यायला सांगतात. तसं करू नका. तिथे डिस्ट्रोच्या पॅकेजच्या फाइली असतात. तुमचं गिट त्यांच्यावर बसतं आणि पुढच्या अपडेटला डिस्ट्रोचं गिट तुमच्यावर. मग काही फाइली या व्हर्जनच्या आणि काही त्या व्हर्जनच्या अशी खिचडी होते.

यूएसआर/लोकल सुरक्षित आहे, पण त्याचेही दोन चटके आहेत. डिस्ट्रोचं गिट सगळ्या मशीनची सेटिंग ईटीसीमधल्या गिटकॉन्फिगमधून वाचतं, तुमचं गिट यूएसआर/लोकलच्या आतल्या ईटीसीमधून. ऑफिसच्या प्रॉक्सीची किंवा सर्टिफिकेटची नोंद पहिल्या फाइलीत असेल, तर नव्या गिटला ती दिसतच नाही आणि क्लोन अडतं. दुसरं म्हणजे सेंटओएस ७ वर सुडोच्या ठरलेल्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) यूएसआर/लोकल/बिन नसतं. तुम्ही चालवलं की नवं गिट, सुडो लावून चालवलं की २०१३ चं. डिप्लॉयची स्क्रिप्ट सुडोने चालत असेल तर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि काढून टाकायचं म्हणाल, तर गिटच्या मेकफाइलमध्ये ‘अनइन्स्टॉल’ नाही. यूएसआर/लोकलमध्ये विखुरलेल्या फाइली हाताने वेचाव्या लागतात. म्हणून मी प्रत्येक व्हर्जनला स्वतःचं फोल्डर देते, ऑप्टमध्ये किंवा होममध्ये, गिट आणि पुढे व्हर्जन असं नाव ठेवून. पाथमध्ये ‘करंट’ नावाची एक सिमलिंक (हव्या त्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण). नवं व्हर्जन आलं की सिमलिंक वळवायची, बिघडलं तर परत मागे वळवायची, जुनं नको झालं की अख्खं फोल्डर उडवायचं. सोर्सच्या वाटेने जाणारच असाल तर माझं ठाम मत आहे, अशाच पद्धतीने जा.

सर्व्हर वीस असतील तर प्रत्येकावर कम्पाइल करत बसण्यात अर्थ नाही. एकदा डेब किंवा आरपीएम पॅकेज बनवा आणि आपल्या अंतर्गत रेपोतून वाटा.

सुडोच नसेल तेव्हा

संशोधन संस्थेतला क्लस्टर (जोडलेल्या अनेक मशीनचा संच), कॉलेजच्या लॅबमधलं सामायिक मशीन, कुठलं तरी जुनं होस्टिंग. इथे होम डिरेक्टरीत बिल्ड करणं हा पहिला विचार मनात येतो, आणि पूर्वी मीही लगेच तोच सल्ला द्यायचे. आता आधी यूएसआर/इन्क्लूडमध्ये कर्लच्या हेडर फाइली (बिल्ड करताना लागणाऱ्या) आहेत का ते बघायला सांगते. नसतील तर सुडोशिवाय त्या बसवता येत नाहीत, म्हणजे कर्लही घरीच बिल्ड करायचं. सेंटओएस ७ वर हेडर असल्या तरी ते कर्ल ७.२९ आहे, आणि अलीकडच्या गिटला किमान ७.६१ लागतं. मग एक तर आधी नवं कर्ल बिल्ड करा, किंवा गिटचं थोडं मागचं व्हर्जन घ्या आणि नव्या दुरुस्त्यांवर पाणी सोडा. गिटसाठी बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत कर्ल आणि ओपनएसएसएल कम्पाइल करत असतो.

अशा ठिकाणी कोंडा-फोर्जवरचं (कोंडा या पॅकेज मॅनेजरच्या सार्वजनिक साठ्यातलं) तयार गिट जास्त सरळ पडतं. कर्लसकट सगळ्या लायब्रऱ्या बरोबर घेऊन ते होम डिरेक्टरीत उतरतं, सुडो लागत नाही, आणि अपडेटही एका कमांडचं. क्लस्टरवर बऱ्याच विद्यार्थ्यांकडे कोंडा आधीच असतो. डिस्कचा कोटा फार तुटपुंजा असेल, किंवा बाहेरून बायनरी आणायला बंदी असेल, तरच मी तिथे सोर्सकडे वळेन. अॅडमिनना मेल टाकून नव्या गिटचं मॉड्यूल (सगळ्यांना हवं तेव्हा चालू करता येणारं सॉफ्टवेअर) मागणं हाही मार्ग आहे. मॉड्यूल आलं तर तुमच्याबरोबर आणखी पन्नास जणांचं काम होतं.

होममधल्या गिटची एक खोड मात्र दोन्ही वाटांवर भेटते. त्या मशीनवरची रेपॉझिटरी तुम्ही बाहेरून एसएसएचने क्लोन करता, तेव्हा पलीकडे ‘गिट-अपलोड-पॅक’ चालवलं जातं, आणि ते लॉगिन नसलेल्या शेलमध्ये. तुमचा पाथ फक्त प्रोफाइलमध्ये लिहिलेला असेल तर तिथे तो लागू होत नाही. जुनं गिट असेल तर ते चालतं, अजिबात नसेल तर ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. पाथची ओळ बॅशआरसीमध्ये, अगदी वर, ‘शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत जा’ या तपासणीच्या आधी टाका.

बसवून झाल्यावर

त्याच टर्मिनलमध्ये व्हर्जन विचारलं आणि जुनंच आलं तर घाबरू नका. बॅश कमांडचा पत्ता लक्षात ठेवतं. ‘हॅश’ला आर पर्याय देऊन ती आठवण पुसा किंवा नवं टर्मिनल उघडा. मग एचटीटीपीएसवरून एखादी छोटी रेपॉझिटरी क्लोन करून बघा, सुडो लावून व्हर्जन विचारा, आणि दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने तेच विचारा. क्लोन नीट झालं आणि दोन्ही ठिकाणी अपेक्षित आकडा आला की त्याच फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवा: कोणतं व्हर्जन, कोणते पर्याय दिले, कोणत्या तारखेला, आणि गिटच्या नव्या व्हर्जनच्या घोषणांवर टीममधलं कोण लक्ष ठेवणार. या शेवटच्या रकान्यात लिहायला नाव सापडत नसेल, तर ते फोल्डर उडवा आणि पॅकेजवर परत या.