एक्सचेंज सेमिस्टर वापरून झाल्यावर: साडेतीन तारे, त्यातले दोन कपाटातल्या एका खणाचे

हा रिव्ह्यू परत आल्या आल्या लिहिला असता तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. पण मार्कशीट अजून अडकलेली आहे, आज ऑफिसात पुन्हा हेलपाटा पडला, तेव्हा डोकं तापलेलं असतानाच लिहून टाकते. एक्सचेंज म्हणजे एक सेमिस्टर परदेशातल्या कॉलेजात शिकून यायचं; फॉर्म कधी भरायचा, पोर्टफोलिओत किती कामं लावायची, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. मी प्रिंटमेकिंगची, म्हणजे धातूच्या प्लेटवर चित्र करून ते कागदावर छापायचं. कॉलेज मुंबईतलं, नाव लिहीत नाही, डिग्री हातात पडायची आहे. गेले होते बर्लिनच्या एका आर्ट स्कूलमध्ये, समर सेमिस्टरला, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर.

आधी पैशांचं, कारण आमच्या घरी विषय तिथूनच सुरू होतो. 'फी माफ' ऐकून सगळे खूश होतात. फी माफ असते हे खरं, पण फक्त फी. व्हिसाला 75 युरो. त्याआधी ब्लॉक्ड अकाउंट: महिन्याला 992 युरो या हिशेबाने पैसे आधीच भरून दाखवायचे. वर्षाचे 11,904, सहा महिन्यांचे 5,952. युरो शंभराला धरा, सहा लाखांना जरासे कमी. पैसे आपलेच असतात, तिथे गेल्यावर दरमहा आपल्यालाच मिळतात. पण त्यासाठी बाबांनी एफडी मोडली, आणि मला त्या खात्यावर व्याज म्हणून दमडी मिळाली नाही. उलट खातं चालवायचे पैसे कापून घेतले. मुदतीआधी मोडल्याचा दंड किती बसला ते बाबा अजूनही जेवताना ऐकवतात.

शिवाय आरोग्य विमा, महिन्याला एकशेचाळीस युरोच्या आसपास. आणि सगळ्यात डोक्यात गेलेली गोष्ट म्हणजे रेडिओ-टीव्हीची वर्गणी: घरटी महिना 18.36 युरो, घरात टीव्ही असो नसो. पत्र आलं तेव्हा वाटलं कुणीतरी गंडवतंय. घरातल्या चौघींनी वाटून भरली, प्रत्येकीच्या वाट्याला 4.59 आले. टीव्ही शेवटपर्यंत आलाच नाही.

वसुली मी दुसरीकडून केली. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट डिपॉझिट परत मिळतं, आणि बागेत लोक बाटल्या तशाच ठेवून उठतात. फुटपाथवर खोक्यांत भांडी, दिवे, पुस्तकं ठेवून 'फुकट न्या' लिहिलेलं असतं. माझी कढई, टेबललॅम्प आणि एक अख्खं स्टूल तिथलंच. राहण्या-खाण्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. जमतं.

आता मुद्द्याचं. खण.

स्टुडिओत गेल्या गेल्या मला एका लोखंडी कपाटाशी नेलं आणि किल्ली दिली. नकाशे ठेवायला असतं तसं, उथळ आणि रुंद खणांचं कपाट. त्यातला एक खण माझा. ए-झिरो, म्हणजे 84 बाय 119 सेंटिमीटरचा ताव न दुमडता सपाट मावेल एवढा. दर्शनी पट्टीवर आधीच्या कुणाच्या तरी नावाचा अर्धवट खरवडलेला मास्किंग टेप, त्यावर माझा. ओढला की करकर न करता शेवटपर्यंत बाहेर यायचा, एका बोटाने ढकलला की आत. बस, एवढंच. घरी फोन करून सगळ्यात आधी मी याचंच वर्णन केलं, तर आई म्हणाली, "अगं, बर्लिन कसं आहे ते सांग ना."

ज्यांच्या घरी स्वतःची खोली आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. आमची करी रोडची चाळ, 160 चौरस फुटांची खोली, माणसं पाच. फुल इम्पीरियल ताव 22 बाय 30 इंचांचा. तो सपाट राहील अशी घरात एकच जागा, आजीच्या गादीखाली. आजी रात्री कूस बदलते. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या निम्म्या प्रिंटवर तिच्या कमरेची वळी आहे. जुलैत भिंतीला ओल येते आणि गणपतीपर्यंत कागदावर तपकिरी ठिपके उठतात. कॉलेजातही कपाट आहे, नाही असं नाही; एक खण सहाजणांत, आणि त्याचं कुलूप आमच्या आधीच्या बॅचपासून तुटलेलं. मग आम्ही सगळे काय करतो? शेवटचा बरा प्रिंट ठेवतो आणि मधले ट्रायल प्रूफ, म्हणजे काम चालू असताना तपासायला काढलेले छाप, पाठकोरे म्हणून संपवतो.

खण मिळाल्यावर पहिल्यांदाच मी एका प्लेटचे सगळे प्रूफ राखले. नुसत्या रेघांचा, मग अ‍ॅक्वाटिंटचा (राखाडी-काळ्या छटा आणलेला), मग खरवडून उजळलेला, मग प्लेट पुन्हा बाथमध्ये, म्हणजे धातू खाणाऱ्या द्रावणात, घातल्यानंतरचा. ओळीने टेबलावर मांडले की दिसतं, काम कुठल्या टप्प्यावर जमलं होतं आणि कुठून पुढे काळं होत होत मेलं. हे वर्गात सांगितलेलं असतं, वहीतही लिहिलेलं असतं. पण मधला प्रूफ पाठकोरा होऊन गेला असेल तर ताडून बघणार कशाशी? माझ्या हिशेबाने सहा लाखांतले निदान दीड लाख या खणाचे.

प्रोफेसरांना मात्र सुरुवातीला मी एक तारा दिला होता. जर्मनीतल्या बऱ्याच आर्ट स्कूलांत एका प्रोफेसरचा एक वर्ग असतो, त्यात पुढच्या-मागच्या वर्षांचे सगळे एकत्र. वेळापत्रक जवळजवळ कोरं. ठरलेल्या दिवशी सगळे जमतात, कुणीतरी काम भिंतीवर लावतं, बराच वेळ कुणी बोलत नाही, मग सगळेच बोलतात. असाइनमेंट नाही, डेमो नाही. मी मनात हिशेब करायचे की ही शांतता तासाला किती युरोंना पडतेय.

माझी पाळी आली तेव्हा प्रोफेसर बाईंनी एवढंच विचारलं: तुझ्या सगळ्या प्लेट एकाच मापाच्या का? मी शैली, जवळीक, लघुचित्रांची परंपरा असं काहीबाही सुरू केलं आणि मध्येच थांबून खरं ते सांगितलं. आठ बाय दहा इंचांची प्लेट सॅकमध्ये मावते, आणि सकाळी करी रोडला लेडीज डब्यात त्याहून मोठं काही घेऊन चढता येत नाही. वर्ग हसला, मीही हसले, आणि रात्री झोप लागेना. इतकी वर्षं जिला माझी शैली म्हणत होते ती सॅकची साइज होती. दुसऱ्याच दिवशी 50 बाय 70 सेंटिमीटरची जस्ताची प्लेट घेतली. किंमत बाबांना सांगितलेली नाही, इथेही लिहीत नाही. प्रोफेसरांचा एक तारा खोडून चार केले.

वर्कशॉपला पहिल्यापासून पूर्ण मार्क. खरे गुरुजी तिथले मास्तर. सुरक्षेचं लेक्चर ऐकून कागदावर सही केल्याशिवाय प्रेसला बोट लावू देत नाहीत. आमच्याकडे प्लेट कोरायच्या नायट्रिक आम्लाच्या ट्रेशेजारीच चहा होतो. तिथे जस्ताच्या प्लेटला नायट्रिक वापरतच नव्हते: मोरचूद आणि मिठाचं पाणी. तपकिरी धूर नाही, घसा धरत नाही, रेघही स्वच्छ बसते. मोरचूद आपल्याकडे सहज मिळतं, म्हणजे एवढ्यासाठी बर्लिन गाठायची काहीच गरज नव्हती, हे कळल्यावर मला आनंदापेक्षा रागच जास्त आला. वापरलेलं पाणी मात्र मोरीत ओतायचं नाही, त्यात धातू असतात. तिथे त्यासाठी वेगळे कॅन होते. शाई पुसायला रॉकेलऐवजी सूर्यफुलाचं तेल, मग साबण. हातांची आग थांबली. तक्रार एकच, चार वाजले की मास्तर दिवे घालवणार. जूनमध्ये साडेनऊपर्यंत बाहेर उजेड आणि प्रेसला चारला कुलूप! गयावया करून उपयोग नाही, चकल्या नेऊन दिल्या तरी नाही. चकल्या खाल्ल्या मात्र.

आणि एक गोष्ट, जी अर्ज भरताना कुणी सांगत नाही. बर्लिनला कुल्टुरफोरममध्ये कुप्फरश्टिशकाबिनेट आहे, छापचित्रं आणि रेखाचित्रांचा सरकारी संग्रह. पाच लाखांहून जास्त छाप. तिथल्या अभ्यासकक्षात आधी कळवून गेलं की हवा तो प्रिंट समोर टेबलावर आणून ठेवतात, काचेशिवाय. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. निघताना मी पुन्हा विचारून खात्री केली. मी जर्मन चित्रकार केथे कोलविट्झची विणकरांची मालिका मागितली होती. 1893 ते 1897 मध्ये केलेली सहा चित्रं, तीन लिथोग्राफ (दगडावरून छापतात ते) आणि तीन एचिंग (कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापतात ते), सायलेशियातल्या विणकरांच्या 1844 च्या उठावाची आठवण मनात ठेवून केलेली. 1898 मध्ये परीक्षकांनी कोलविट्झचं नाव सुवर्णपदकासाठी सुचवलं आणि कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, ते फेटाळलं.

मोर्च्याच्या एचिंगमध्ये एक बाई चालतेय, पाठीवर झोपलेलं पोर. पुस्तकात हे चित्र पाहिलं होतं, पण पुस्तकात काळा रंग सपाट असतो. इथे खिडकीतून उजेड तिरपा येत होता आणि शाईची रेघ कागदावर केसभर उंच उभी होती. प्लेटची कड कागदात दबलेली, बोट न लावताही कळत होती. माझे आजोबा गिरणीत विणकाम खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संपावर गेले ते पुन्हा साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेच नाहीत. त्या संध्याकाळी आजीला फोनवर विचारलं, मोर्च्यात बायका कुठे असायच्या? "पुढे," ती म्हणाली. "आणि पोर काखेत असायचं. पाठीवर कोण घेतंय?"

जाता जाता, हे पाच लाख छाप ठेवलेत कुठे? खोक्यांत आणि कपाटांत, सपाट. मी पाहिले त्यातल्या एकावरही वळी नव्हती.

आता मार्कशीट. तिथल्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे मार्कशीटवर, सेमिस्टरचे 30 ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) आणि प्रत्येक विषयापुढे फक्त 'उत्तीर्ण'. आमच्या ऑफिसातल्या काकांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ताई, यात टक्के कुठे आहेत?" टक्के नाहीत काका, तिथे स्टुडिओच्या कामाला टक्के देत नाहीत. "मग सिस्टीम एंट्री घेत नाही." त्यातून दुसरी भानगड म्हणजे आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला 1200 तासांचे 40 क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला 20. तिकडे वर्षाला 60. तिकडचा एक ईसीटीएस 25 ते 30 तासांचा, इकडचा क्रेडिट 30 तासांचा. माझे दहा 'जास्त' झाले, आणि जास्त झालेले क्रेडिट हा ऑफिसच्या मते कमी पडलेल्यांपेक्षा मोठा गुन्हा. जायच्या आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे तिथे काय शिकणार त्या करारावर, दोन्हीकडच्या सह्या झाल्या होत्या. रूपांतर कसं करायचं ही ओळ त्या फॉर्ममध्येच नाही. तुम्ही जाणार असाल तर ती ओळ हाताने लिहून घ्या, खाली शिक्का घ्या, आणि शिक्का कोरडा होईपर्यंत टेबल सोडू नका. या प्रकरणापायी पाचाचे तीन तारे झाले.

वरचं लिहून ठेवलं होतं, मध्ये काही दिवस गेले. तिकडच्या ऑफिसने एका दिवसात पत्र पाठवलं: 30 ईसीटीएस हा पूर्ण सेमिस्टरचा भार, उत्तीर्णला गुण दिले जात नाहीत. इकडे पीडीएफ चालली नाही, शिक्क्याचं पत्र हवं. ते पोस्टाने आलं. आता 20 क्रेडिट धरणार म्हणतात, टक्क्यांच्या जागी रेघ मारून. सरासरी कशी काढणार ते 'वर' विचारलंय. वर म्हणजे कुठे ते काकांनाही माहीत नाही, पण त्यांनी स्वतःहून फोन केला, म्हणून अर्धा तारा वाढवला.

दरम्यान मी लालबागच्या सुताराकडून 12 मिलिमीटर प्लायचा एक उथळ खोका करून घेतला, 26 बाय 34 इंचांचा, खाली चाकं, आजीच्या खाटेखाली सरकेल असा. आतून लॅमिनेट, कोपऱ्यांत सिलिका जेलच्या पुड्या. बॉल बेअरिंगचे चॅनेल परवडले नाहीत, त्यामुळे करकरतो. आजीने त्यात पापडाचा डबा ठेवायचा प्रयत्न करून पाहिला, मी हाणून पाडला. 50 बाय 70 ची प्लेट मात्र इथे अजून छापलेली नाही, कारण कॉलेजच्या प्रेसचा बेड तिला पुरत नाही. कुणाच्या ओळखीत मुंबईत मोठा एचिंग प्रेस असेल, तासावर देणारा, तर सांगा. दर आधी सांगा.

आणि प्रिंट न्यायची मोठी ट्यूब विकायची आहे. खांद्याला पट्टा आहे, झाकण घट्ट बसतं, विमानात केबिनमध्ये घेऊ दिली होती, पण येताना काउंटरवर अर्धा तास वाद घालावा लागला, तो तुमचा तुम्ही घाला. सोबत जर्मनीचा प्लग अ‍ॅडॉप्टर फुकट. हजार रुपये, करी रोड स्टेशनवर येऊन न्यायची. नऊशेपर्यंत येईन, त्याखाली विचारू नका.