गाड्या मोजायचा काउंटर: सहा महिने वापरून

गावच्या फाट्यावर हे यंत्र मुठीत धरून बसले होते. पानठेल्यावरच्या भाऊंनी विचारलं, "काय मोजून राह्यली वं?"

"गाड्या."

"काहून? चोरीले गेल्या का?"

तर हे ते यंत्र. स्टीलचं, मुठीत मावणारं. वर अंगठ्याने दाबायचा खटका, समोर काचेआड चार आकडे, बाजूला शून्यावर आणायची चावी. 9999 झाले की परत 0000. सेल नाही, चार्जिंग नाही. मला 240 रुपयांना पडलं. घरपोच लिहिलं होतं, पण आमच्या गावाला घरपोच म्हणजे दारव्ह्याला जाऊन घेऊन या.

घ्यायची वेळ का आली ते सांगते. सिव्हिलची पदवी झाल्यावर मी ट्यूलिपमधून एका मोठ्या शहराच्या महापालिकेत, वाहतूक नियोजनाच्या कामावर दोन महिने इंटर्न होते. (ट्यूलिप ही केंद्र सरकारची योजना, जून 2020 मध्ये सुरू झाली. नव्या पदवीधरांना शहरांच्या कार्यालयांत काम शिकायला मिळावं म्हणून.) मला वाटलं होतं, एसीत बसून नकाशे काढायचे. पहिल्याच आठवड्यात हातात पॅड, पेन्सिल आणि समोर चौक.

चार रस्त्यांचा चौक म्हणजे प्रत्येक बाजूने डावीकडे, सरळ आणि उजवीकडे अशा 12 वाटा. त्यात दुचाकी वेगळी, रिक्षा वेगळी, कार, टेम्पो, बस वेगळी. दर 15 मिनिटांनी आकडा लिहायचा आणि नव्याने सुरू. कॅमेऱ्यावरूनही मोजतात, पण कॅमेऱ्याने बरोबर मोजलं की नाही हे पाहायला शेवटी माणूसच उभा करतात. आम्ही चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असं करायचो. रेघ मारायला खाली पाहिलं की तेवढ्यात दोन रिक्षा निघून गेलेल्या. संध्याकाळी शेजारच्या मुलीचा आणि माझा आकडा कधी म्हणजे कधी जुळला नाही.

म्हणून आधी 60 रुपयांचा काउंटर घेतला, बोटात अंगठीसारखा घालायचा. पूजेच्या दुकानात मिळतो, नामजपाचा. चौकातल्या हवालदाराने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी अगदी आदराने विचारलं, "मॅडम, किती माळा झाल्या?" हसू आलं, पण तो बदलला ते वेगळ्या कारणाने. त्याचं बटण मऊ आहे. दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळत नाही, मग आकडा बघावा लागतो. आणि बघावं लागू नये म्हणूनच तर घेतला होता. तो आता आजीकडे आहे, ती त्याच्यावर खूश.

स्टीलचा खटका 'टक' करतो आणि अंगठ्याला समजतं. डोळे रस्त्यावरच. या एका गोष्टीसाठी 240 रुपये वसूल.

खोट दोन जागी आहे. एक, चुकून दोनदा दाबलं तर मागे जाता येत नाही. मी पुढची गाडी न दाबता सोडून हिशेब जुळवते. दुसरी, ती चावी. एकदा ओढणीत अडकून फिरली आणि रिक्षांचा आकडा 0000. नशीब, दर 15 मिनिटांनी लिहीत होते म्हणून 12 मिनिटांवर निभावलं. आता चावीवर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलंय. विकणाऱ्यानेच हे करून दिलं असतं तर बरं झालं असतं.

पण यंत्राला दोष देता येणार नाही अशी एक गोष्ट राहतेच. बस गेली, टक. स्कूटी गेली, टक. दोन्ही एकच. कागदावर नंतर इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) तक्त्याने गुणतात: कार 1 धरायची, शहरात दुचाक्या भरपूर असतील तर दुचाकी 0.75, बस भरपूर असतील तर बस 3.7. आमचे साहेब म्हणायचे, हे रस्ता किती अडला याचं माप आहे, माणसं किती गेली याचं नाही. ते मोजायचं तर खिडकीतून डोकी बघायची, पेन्सिल घ्यायची. तिथे हा काउंटर कामाचा नाही. गावी आल्यावर ते फार पटलं. फाट्यावर काळीपिवळी जीप गेली की टक एकदाच, आणि आत चौदा जण, मागे लटकलेले दोघे वेगळे.

खेड्यातल्या रस्त्यांचा तक्ता निराळा आहे, 1990 चा. त्यात ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5 आणि बैलबंडी 8! बंडी लहान असेल तर 6. बंडी हळू चालते, मागच्यांना पुढे जाता येत नाही, म्हणून. कापसाच्या दिवसांत एका सकाळी दोन तासांत 11 बंड्या मोजल्या, म्हणजे 88 कार. हे मी जेवताना काकांना सांगितलं, तिथे चूक झाली.

"म्हंजे माही एक बंडी आठ कारीच्या बरोबर?"

"अडवायच्या बाबतीत, काका."

ते अर्धं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही. आता फाट्यावर कोणी हॉर्न मारला तर काका वळूनही पाहत नाहीत.

पाचपैकी चार तारे. एक त्या चावीचा कापला.

सध्या मात्र माझ्याकडे तो नाही. सोयाबीनचे कट्टे गाडीत भरताना हमाल 62 म्हणत होता, काका 61. तेव्हा त्यांनी 'पाच मिनिटं दे' म्हणून नेला, तो त्यांच्या अंगातल्या बंडीच्या खिशात गेला तो गेला. नवे मागवलेत, दोन.