‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ की ‘कोलॅटरल’?

दोन्ही चित्रपटांत एक साधा माणूस नको तिथे सापडतो. हिचकॉकच्या १९५९च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये जाहिरात कंपनीतल्या रॉजर थॉर्नहिलला (कॅरी ग्रँट) हेर समजून पळवून नेतात. मायकेल मानच्या २००४च्या ‘कोलॅटरल’मध्ये लॉस एंजेलिसचा टॅक्सीवाला मॅक्स (जेमी फॉक्स) भाडं घेतो, आणि ते भाडं म्हणजे सुपारी घेतलेला मारेकरी, टॉम क्रूझ.

हिचकॉकची भीती लख्ख उन्हातली. ओसाड रस्ता, आजूबाजूला शेतं, आणि फवारणीचं विमान थेट अंगावर! त्या प्रसंगात बराच वेळ पार्श्वसंगीतच नाही. मानने बहुतेक चित्रीकरण डिजिटल कॅमेऱ्यावर केलं, त्यामुळे रात्रीचं शहर नारिंगी उजेडासकट पडद्यावर येतं.

रुबाबात थॉर्नहिल पुढे. पळतानाही त्याचा करडा सूट देखणा दिसतो. पण त्याच्यासाठी माझा जीव खालीवर होत नाही. मॅक्सचं तसं नाही. स्वतःची लिमोझिन कंपनी काढायचं स्वप्न तो १२ वर्षं नुसतं पुढे ढकलतोय, आणि मारेकरी नेमकं त्यावरच बोट ठेवतो. तिथे बंदुकीपेक्षा त्या बोलण्याची धास्ती जास्त वाटते. शेवटची मेट्रोतली पळापळ नेहमीच्या वळणाची आहे, तरी एकच बघायचा असेल तर मी ‘कोलॅटरल’च सांगेन.